ऑक्टेव्हियाला मोठा टर्बो: घरी काय जमेल, काय करू नये

पत्र: माझ्याकडे 2018 ची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस 230 आहे. दोन वर्षांपूर्वी सेकंड-हँड घेतली, आता 74 हजार किलोमीटर झालेत. मी मेकॅनिकल डिप्लोमा केलाय, नाशिकला सातपूरमध्ये मशीन शॉपला कामाला आहे. मामेभाऊ जर्मनीहून येताना गोल्फ आरमधून काढलेला आयएस38 टर्बो आणतोय. बाहेरचा एक ट्यूनर इंजिनाच्या संगणकासाठी नव्या सेटिंगची फाइल ई-मेलने पाठवेल. घरच्या पार्किंगमध्ये मी आणि मित्र मिळून शनिवार-रविवारी टर्बो बसवू शकतो का? आणखी काय बदलावं लागेल? कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) नसलेला डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) स्वस्तात मिळतोय, घेऊ का? बाबा म्हणतात, चांगल्या गाडीची वाट लावू नकोस. गाडी रोज कामावर नेतो आणि महिन्यातून एकदा समृद्धीने संभाजीनगरला जातो. दादा, स्पष्ट काय ते सांगा.

नमस्कार,

स्पष्टच सांगतो. टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, खोलून दुसरा बसवणं तुम्हाला जमेल. मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्याला टॉर्क रेंचचं महत्त्व समजावून सांगायची गरज नसते. पण रोज सातपूरला जाणाऱ्या गाडीत आयएस38 बसवू नका, असं माझं मत आहे. त्यामागची कारणं आधी सांगतो. ती वाचूनही बसवायचाच असं ठरलं, तर निदान इंजिन हातचं जाऊ नये म्हणून काय काय करायचं, तेही सांगतो.

तुमच्या गाडीत ईए888 मालिकेतल्या तिसऱ्या पिढीचं दोन लिटरचं इंजिन आहे. त्यावर आयएस20 हा आयएचआय कंपनीचा टर्बो येतो आणि कंपनी त्यातून 230 पीएस आणि 350 न्यूटन मीटर घेते. गोल्फ आर आणि ऑडी एस3 मध्ये याच इंजिनावर आयएस38 असतो आणि तिथे आकडा 300 पीएसला जातो. फ्लँज तोच, पाइपही जवळपास तेच, म्हणून हा बदल जगभर लोकप्रिय झाला. सगळे एवढंच सांगतात आणि इथेच थांबतात. पण गोल्फ आरचं इंजिन तयार करताना फोक्सवॅगनने टर्बोसोबत सिलिंडर हेडमध्ये फेरबदल केले, पिस्टन वेगळे घेतले, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, त्यांच्या सीट, स्प्रिंग आणि इंजेक्टरही बदलले. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरात मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, 9.6 वरून 9.3 वर आणला. जास्त बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) देणार म्हणून कंपनीने मुद्दाम कॉम्प्रेशन उतरवलं. तुम्ही तोच टर्बो 9.6 च्या पिस्टनवर लावणार आणि त्यावर ट्यून चढवून कंपनीपेक्षाही जास्त बूस्ट मागणार. युरोपात हे अनेकांनी केलंय आणि इंजिनं टिकलीही आहेत, पण तिथे पंपावर 98 ऑक्टेनचं (ऑक्टेन जास्त, तेवढं पेट्रोल दाबाखाली आपोआप पेटायचं कमी) पेट्रोल सहज मिळतं आणि जुलैतही आपल्या मेसारखं ऊन नसतं.

नाशिकचंच गणित बघा. शहर समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर आहे, म्हणजे हवा मुंबईपेक्षा पातळ. इसीयू (इंजिनाचा संगणक) ठरलेला दाब मिळेपर्यंत टर्बोला जास्त फिरवतो, त्यामुळे त्याच बूस्टसाठी इथे टर्बोचं चाक जास्त वेगाने फिरतं आणि हवा जास्त तापते. मे महिन्यात बाहेर 40 अंश असताना हवा अडीच पट दाबली, तर कॉम्प्रेसरमधून ती दीडशे अंशांच्या वर तापून निघते. ती गार करणारा कारखान्याचा इंटरकूलर 230 पीएसच्या हिशोबाने बनवलेला आहे. गरम हवा, जास्त दाब आणि कमी ऑक्टेन एकत्र आले की स्पार्कनंतर ज्वाळा पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण स्वतःच पेटायला लागतं. यालाच नॉक म्हणतात. नॉक सेन्सर थोडंफार सांभाळून घेतो, टायमिंग मागे ओढतो, म्हणजे स्पार्क उशिरा द्यायला लावतो. पण टायमिंग मागे ओढलं की एक्झॉस्ट आणखी तापतो आणि जी ताकद मिळवण्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तीच कमी होते.

आता पेट्रोल. आज पंपावर मिळतं ते ई20, आणि त्याचं किमान ऑक्टेन 95 ठरवलेलं आहे. पूर्वीच्या 91 पेक्षा ते नॉकच्या बाबतीत बरंच. पण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून तेवढ्याच हवेसाठी शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत साधारण आठ टक्के जास्त इंधन ओतावं लागतं. आयएस38 वर इंधन पंप आधीच मर्यादेजवळ पोचलेले असतात, त्यात ही मागणी वाढते. पूर्ण बूस्टवर रेलमधला (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीतला) दाब पडला की मिश्रण पातळ होतं आणि पातळ मिश्रणावर पिस्टन किती वेळ टिकेल हे कुणी सांगू शकत नाही. इंडियन ऑइलचं एक्सपी100 आहे, 2020 च्या डिसेंबरपासून ते विकलं जातंय. ट्यून त्यावरच करायचा असेल तर आधी एक बघा: तुमच्या रोजच्या रस्त्यावर आणि संभाजीनगरच्या वाटेवर ते कुठल्या पंपावर मिळतं? एकदा जरी साधं पेट्रोल भरावं लागलं, तर 100 ऑक्टेनवर बेतलेली फाइल त्या टाकीवर चालवायची नाही. गाडीत दुसरी, मवाळ फाइल हवी आणि ती बदलण्याची सोयही हवी.

म्हणून बाहेरच्या ट्यूनरच्या ई-मेलबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. त्याने तिथल्या 98 ऑक्टेनवर, तिथल्या हवेत बनवलेली फाइल तुमच्या गाडीत थेट टाकू नका. चांगला ट्यूनर आधी मवाळ फाइल देतो, तुमच्याकडून लॉग (गाडी चालताना नोंदवलेले आकडे) मागवतो आणि मग दोन-चार फेऱ्यांत फाइल सुधारतो. लॉगमध्ये या गोष्टी लागतातच: मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट, चारही सिलिंडरचं मागे ओढलेलं टायमिंग, मागितलेला आणि मिळालेला रेल प्रेशर, आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान. तो लॉग मागत नसेल, तर त्याच्याकडून फाइल घेऊच नका. आणि हे लॉग रस्त्यावर काढू नका. तिसऱ्या गिअरमध्ये रेडलाइनपर्यंत ओढली की तुम्ही समृद्धीच्या 120 च्या मर्यादेच्याही पुढे गेलेले असता, शिवाय नजर लॅपटॉपवर असते. डायनो (गाडी जागेवरच रोलरवर पळवून ताकद मोजणारं यंत्र) असलेल्या ट्यूनरकडे अर्धा दिवस पैसे भरून काढा.

गिअरबॉक्सचा विचार तुमच्या पत्रात नाही. तुमचा सहा गिअरचा ओल्या क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) साधारण साडेतीनशे ते चारशे न्यूटन मीटरसाठी बनलेला आहे. ट्यून केलेला आयएस38 साडेचारशेच्या पुढे सहज जातो. तेव्हा क्लच घसरायला लागतो आणि त्याची पूड तेलात मिसळून मेकाट्रॉनिकपर्यंत, म्हणजे गिअरबॉक्स चालवणाऱ्या कंट्रोल युनिटपर्यंत जाते. गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर बदलून क्लचचा दाब वाढवता येतो, तो खर्च धराच. आणि 60 हजारांवर डीएसजीचं तेल आणि फिल्टर बदललं होतं का? आधीच्या मालकाची पावती शोधा. पावती नसेल, तर बदललं नाही असं समजून कामाला लागा.

रोजच्या वापराचंही बघा. आयएस20 दोन हजार आरपीएमच्या आसपासच जोर धरतो. आयएस38 चं चाक मोठं आणि जड, त्याला पूर्ण दाबासाठी तीन हजारांच्या जवळ जावं लागतं. द्वारका चौकातून मुंबई नाक्याकडे सरकताना तुम्ही तीन हजारांवर कितीदा जाता? मोठ्या टर्बोची मजा जिथे आहे तिथे तुमची गाडी महिन्यातून मोजके क्षण असते, आणि बाकी दिवस ती आजच्यापेक्षा सुस्त वाटेल.

हे सगळं वाचूनही बसवायचाच असेल, तर आता कामाकडे येऊ.

टर्बो मागवण्याच्याही आधी आजच्या गाडीची तब्येत तपासा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या, आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा खाली असेल तर विषय तिथेच संपला. कूलंट अधूनमधून कमी होतं का ते बघा, कारण या इंजिनात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं घर गळण्याची खोड आहे आणि टर्बो थंड राहतो तो त्याच कूलंटवर. प्लग, कॉइल, तेल मॅन्युअलमधल्या मानकाचं, सगळं नवं करा. मोठ्या बूस्टला प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारा) आणि गॅप कमी लागतो, साधारण 0.6 मिलिमीटर. ट्यूनरने वेगळा सांगितला तर त्याचं ऐका.

भाऊ टर्बो घेण्याआधी त्याला व्हिडिओ कॉल लावा आणि पुढे सांगतो ते त्याच्याकडून करून घ्या. कॉम्प्रेसरच्या तोंडातून शाफ्टचं टोक दोन बोटांत धरून आडवं हलवायचं. तेल नसताना थोडंसं हलतं, ते ठीक आहे, पण हलवताना पाती घराला लागता कामा नयेत. मग शाफ्ट आत-बाहेर ढकलून बघायचा. या दिशेला हाताला जाणवेल इतकी हालचाल असली तर थ्रस्ट बेअरिंग गेलेलं आहे, टर्बो परत ठेवून द्यायला सांगा. टॉर्च लावून प्रत्येक पात्याची कड बघायची. एखादी कड खाल्लेली दिसली, तर त्या टर्बोने कधीतरी खडा नाहीतर धातूचा कण गिळलाय. एक्झॉस्टच्या बाजूला वेस्टगेटच्या (जास्तीचा एक्झॉस्ट बाजूने सोडणाऱ्या झडपेच्या) सीटभोवती केसासारख्या भेगा आहेत का ते बघायचं, आणि झडप दाबल्यावर पूर्ण बसते का तेही. शेवटी पार्ट नंबरचा फोटो मागवा. आयएस38 च्या सुरुवातीच्या आवृत्त्या फुटल्याच्या तक्रारी बऱ्याच होत्या, विशेषतः ट्यून केलेल्या गाड्यांवर. जुनी आवृत्ती असेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नका. हा शाफ्ट मिनिटाला दीड लाखाहून जास्त फेरे फिरतो, त्यात सेकंड-हँड नशिबावर अवलंबून राहायला नको. माझ्या मते नवाच घ्यावा, आणि माहितीच्या विक्रेत्याकडूनच, कारण बाजारात नकली आयएस38 पुष्कळ आहेत.

आता पार्किंगमधलं काम. या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला आहे, टर्बो थेट हेडला बसतो, तोही मागे, केबिनच्या बाजूला. जागा अगदी अडचणीची. खालून डाउनपाइप काढावा लागतो, उजव्या बाजूचा ड्राइव्हशाफ्ट आणि त्याची हीट शील्ड बाजूला करावी लागते. म्हणजे तुम्ही गाडीखाली जाणार. सपाट, पक्क्या फरशीवर, चार चांगल्या स्टँडवर गाडी ठेवा आणि जोरात हलवून बघा. नुसत्या जॅकवर, विटांवर, लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवून खाली जाऊ नका. मित्र बाहेर उभा राहील या भरवशावरही नको. गाडी घसरली की बाहेरच्या माणसाला काही करता येत नाही.

हेडचे नट सोडताना घाई केली तर नटाबरोबर स्टडच बाहेर येतो किंवा आटे जातात. आदल्या रात्री भेदक तेल मारून ठेवा. इंजिन पूर्ण थंड असतानाच खोला. नट, गास्केट, बँजो बोल्टचे वॉशर, डाउनपाइपचा क्लँप, तेलाच्या परतीच्या नळीचं गास्केट, एकही जुना परत वापरायचा नाही. सगळं आधी हातात घेऊन मगच गाडी खोला. रविवारी संध्याकाळी एका वॉशरसाठी गाडी स्टँडवर अडकली, की माणूस जुनाच वॉशर लावून मोकळा होतो.

तेलाच्या नळ्यांबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण घरी बसवलेले टर्बो बहुतेक इथेच मरतात. शाफ्ट बेअरिंगला टेकत नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल येण्याची नळी नवीच लावा. जुनीत आतून जळलेल्या तेलाचा थर असतो, तो सुटून बेअरिंगच्या बारीक भोकात जाऊन बसतो. परतीच्या फ्लँजला सिलिकॉन लावायचा मोह होईल, लावू नका. आतल्या बाजूला दबलेलं सिलिकॉन तुटून तेलात जातं. फ्लँज साफ, गास्केट नवं, टॉर्क मॅन्युअलप्रमाणे, याहून काही लागत नाही. खोललेली प्रत्येक तोंडं त्याच क्षणी टेपने किंवा स्वच्छ टोपीने बंद करा, चिंधी कोंबू नका. इंटरकूलरचे पाइप जोडण्याआधी आतून हात फिरवून बघा.

आणि पहिला स्टार्ट. नवा टर्बो कोरडा असतो. नळी जोडण्याआधी त्याच्या तेलाच्या भोकात स्वच्छ इंजिन ऑइल भरा आणि हाताने चाक सावकाश फिरवा. मग इंधन पंपाचा फ्यूज आणि इग्निशन कॉइलचे कनेक्टर काढून, दहा-दहा सेकंदांचे चार-पाच स्टार्टर मारा, मध्ये स्टार्टर मोटरला विश्रांती द्या. इंजिन पेटायचं नाही, पण पंप तेल वर ढकलेल. मगच सगळं जोडून गाडी चालू करा आणि अॅक्सिलरेटरला पाय लावू नका. मित्राला टॉर्च घेऊन खाली नाही, बाजूला उभं करा: तेल, कूलंट कुठे झिरपतंय का? जुन्या तेलाचा धूर थोडा वेळ येईल. निळा धूर थांबला नाही तर बंद करून शोधा. कूलंट भरताना हवा राहिली, तर टर्बोभोवतीच वाफेचा फुगा अडकतो. गॅरेजवाल्यांकडे व्हॅक्यूमने भरायचं साधन असतं, या एका कामासाठी त्यांना घरी बोलावलं तरी चालेल.

यात आणखी एक पायरी घरी करणारे हमखास विसरतात. या टर्बोचा वेस्टगेट विजेच्या मोटरवर चालतो. टर्बो बदलला की त्या अॅक्च्युएटरची बैठक डायग्नोस्टिक सॉफ्टवेअरने नव्याने शिकवावी लागते. ती केली नाही तर बूस्ट कमी तरी मिळतो किंवा मर्यादेबाहेर उसळतो, आणि दोन्हीचं खापर लोक ट्यूनवर फोडतात. तुमच्याकडे ते सॉफ्टवेअर आणि केबल नसेल तर ती सोय आधी करा.

म्हणजे दोन दिवस पुरणार नाहीत. ऑफिसला जायला दुसरी गाडी किंवा बाइक हाताशी ठेवूनच सुरुवात करा.

कॅट नसलेला डाउनपाइप घेऊ नका. थोडी ताकद मिळेल, पण गाडी बीएस4 राहणार नाही आणि पीयूसीचा कागद खोटा ठरेल. शेजाऱ्यांनी तुमच्या हौसेसाठी तो धूर का घ्यावा? टर्बोसाठी मोठा डाउनपाइप हवाच असेल, तर चांगल्या दर्जाचं कॅट असलेला मिळतो.

कायद्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण बाबांच्या म्हणण्यात तेही असावं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की निर्मात्याने मूळ दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182ए नव्याने लिहिलं गेलं: मंजुरी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. रस्त्यावर कुणी टर्बो उघडून बघत नाही, हे खरं आहे. पण अपघात झाला की विम्याचा सर्व्हेअर बघतो. न कळवलेला बदल दिसला तर तुमच्या गाडीचा दावा नाकारला जाऊ शकतो. समोरचा कुणी जखमी झाला किंवा दगावला, तर कंपनीने त्याला दिलेली भरपाई तुमच्याकडून वसूल करण्याची मुभा न्यायालय देऊ शकतं. तो आकडा टर्बोच्या किमतीच्या कितीतरी पट असतो आणि तो बाबांच्या घरावर येतो. पॉलिसीवर ट्यूनर सही करत नाही, तुम्ही करता.

तुमच्या जागी मी असतो तर भावाला टर्बो आणू नको म्हणून आजच फोन केला असता. त्या पैशातला थोडा भाग गाडी तिच्या मूळ 230 पीएसला खरोखर पोचवण्यात घातला असता. 74 हजार चाललेली गाडी सहसा तिथे नसतेच. थकलेले कॉइल, गळके बूस्ट पाइप, जुना डीएसजी ऑइल, बसलेले डॅम्पर, यांनी तिची धार गेलेली असते, आणि हे सगळं तुम्ही घरी, कायद्यात राहून, स्वतःच्या हाताने करू शकता. बूस्ट पाइपची गळती शोधायला धूर सोडणारं साधं यंत्र पुरतं. त्यात डॉट 4 चं ताजं ब्रेक फ्लुइड, चांगले पॅड आणि नवे टायर घाला. मग कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे असतो तेव्हा गाडी घेऊन जा. तिथे पूर्ण दिवस रेडलाइनवर चालवल्यानंतरही ताकद कमी वाटली, तर मला परत लिहा. मग ती गाडी फक्त ट्रॅकसाठी ठेवायची आणि कामावर जायला दुसरी घ्यायची, या हिशोबाने आपण आयएस38, इंटरकूलर, पंप आणि क्लच सगळं मिळून आखू.

पत्राबरोबर कॉम्प्रेशनचे चार आकडे आणि मूळ फाइलवरचा डायनोचा एक लॉग जोडा, म्हणजे मला अंदाजाने बोलावं लागणार नाही. आणि डीएसजीच्या तेलाची पावती सापडली का, तेही कळवा.